लोखंड सपाट होईपर्यंत

कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा आणि मागे आणताना तो काढून घ्यायचा. सांगायला एक वाक्य, पण हाताला कळायला तीन आठवडे लागतात. पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शासकीय आयटीआयच्या फिटर शॉपमध्ये, ऑगस्टमधल्या एका सकाळी मी हे बघत उभा होतो. नवी बॅच होती. लाकडी बाकांवर ओळीनं व्हाइस बसवलेले, प्रत्येकात लोखंडी पट्टीचा एक तुकडा आवळलेला, आणि वीस जणांच्या कानशींचा मिळून होणारा तो खरखर आवाज. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागत होतं.

खिडकीजवळच्या व्हाइसवर एक मुलगी होती, सतराची असेल. गाव बावीस किलोमीटरवर, तिथून सव्वासहाची पहिली एस.टी. ती चुकली तर दिवस गेला, कारण दुसरी गाडी येते तेव्हा शॉपमधली हजेरी होऊन गेलेली असते. तिची कानस पुढे जाताना खाली झुकत होती आणि मागे येताना वर उचलली जात होती, झोक्यासारखी. निदेशक सर तिच्या बाजूला येऊन थांबले. त्यांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं, हातांकडे नंतर.

“डावा पाय पुढे घे. कोपर अंगाला लागू दे. जोर दंडातनं नको लावूस बाळा, अख्ख्या अंगातनं येऊ दे.”

मग त्यांनी तो तुकडा सोडवला, त्यावर गुण्या उभा धरला आणि खिडकीच्या उजेडाकडे केला. गुण्याच्या पात्याखालून दोन्ही कडांना उजेडाची बारीक रेघ दिसत होती, मधे मात्र काळं. म्हणजे तुकड्याला मधे पोट आलेलं. झोका घेणारी कानस कडा जास्त खाते, मधला भाग राहून जातो. तिनं तुकडा परत आवळला. कानशीच्या दातांत लोखंडाचा चुरा अडकू नये म्हणून तिच्यावर खडू घासला आणि पुन्हा सुरू केलं.

मी तिचा तुकडा हातात घेऊन पाहिला होता. वहीतल्या ड्रॉइंगमध्ये जाडी दिली होती त्यापेक्षा तो बराच पातळ होता. सरांनी सांगितलं, हा नवा नाही, यावर आधी दोन बॅचनी हात बसवलाय. यंदाचा कच्चा माल अजून यायचा आहे, साधारण दिवाळीच्या पुढे-मागे येतो. कानशीही तशाच, दात बोथट झालेल्या. शॉपबाहेरच्या व्हरांड्यात पुढे एक खोली बंद होती. काचेतून आत पाहिलं तर नवं कोरं यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणात उभं. एका योजनेतून आलेलं. ते चालवायचं प्रशिक्षण कुणा निदेशकाला अजून मिळालेलं नव्हतं, आणि ते पेलेल इतका विजेचा भार मंजूर व्हायचा होता.

माझे वडील टर्नर होते. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी शिकाऊ उमेदवारी केली आणि तिथंच निवृत्त झाले. घरात मायक्रोमीटर होता, लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेला, आणि आम्हा भावंडांना त्याला हात लावायची मुभा नव्हती. त्यामुळे आयटीआयबद्दल लिहिताना तटस्थ राहणं मला जमत नाही, जमवायचंही नाही. या देशात हातानं काम करणाऱ्या पोरांच्या शिक्षणावर सरकार आणि उद्योग जो पैसा लावतात, तो त्या बंद खोलीपर्यंत पोचतो आणि त्या मुलीच्या व्हाइसपर्यंत पोचत नाही. असं का होतं, हे शोधायचं म्हणून मी निघालो होतो.

या व्यवस्थेचा जन्म युद्धातून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्या लाखो जवानांना नागरी कामधंद्यात बसवायचं होतं, त्यासाठी १९४५ साली दिल्लीत पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय उभं राहिलं. त्याच्याच हाताखाली १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआय आल्या. पुढे १९५६ मध्ये या संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला, १९६९ मध्ये खर्चाचा भारही गेला. अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र, कोणत्या व्यवसायाला किती महिने, हे सगळं ठरवणं मात्र दिल्लीकडेच राहिलं. आयटीआयच्या भाषेत ट्रेडला व्यवसाय म्हणतात. तर व्यवसाय दिल्ली ठरवणार, निदेशकाचा पगार मुंबई देणार, आणि लोखंड कुणी आणायचं हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये नव्यानं पडणार.

राज्याच्या अर्थसंकल्पात आयटीआय कायम शेवटच्या बाकावर बसलेली आहे. याची सगळ्यात बोलकी खूण म्हणजे विद्यावेतन. महाराष्ट्रातल्या शासकीय आयटीआयमध्ये शिकणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला महिन्याला ४० रुपये मिळत असत. दिवसाला नव्हे, महिन्याला. कित्येक वर्षं तो आकडा हललाच नाही. २०२३ मध्ये तो ५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. त्या चाळीस रुपयांत बावीस किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीचा सवलतीचा पासही निघाला नसता. असा आकडा वर्षानुवर्षं तसाच ठेवणाऱ्या व्यवस्थेला या पोरांकडे बघायला वेळ नव्हता, एवढंच मला त्यातून दिसतं.

निदेशकांची गोष्ट याहून बोचणारी. शॉपमधले ते सर घड्याळी तासिकेवर आहेत. जेवढे तास शिकवतील तेवढ्याचे पैसे. सुट्टी पडली, परीक्षा आली, की उत्पन्न बंद. बाहेर एखाद्या कारखान्यात त्यांना यापेक्षा जास्त मिळेल, आणि ते तिथं का जात नाहीत हे मी त्यांना विचारलंही. त्यांनी उत्तर दिलं नाही, समोरच्या पोराच्या हॅक्सॉचं पान उलटं बसलं होतं ते सोडवून सरळ बसवायला गेले. दात पुढच्या दिशेला असावे लागतात, मूठ मागे, हे त्याला दाखवून मग परत आले.

केंद्रानं प्रयत्न केले नाहीत असं कुणी म्हणू नये. २००७-०८ मध्ये देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयसाठी सरकार-उद्योग भागीदारीची योजना आली. कल्पना चांगली होती. प्रत्येक संस्थेसाठी एक संस्था व्यवस्थापन समिती, तिच्या अध्यक्षस्थानी स्थानिक उद्योजक, आणि तिच्या हातात अडीच कोटींपर्यंतचं बिनव्याजी कर्ज. फेड तीस वर्षांत, पहिली दहा वर्षं हप्ता नाही. वीस टक्के प्रवेश समितीनं ठरवायचे. म्हणजे ज्यांना कामगार हवेत त्यांनीच संस्थेत लक्ष घालावं, आणि संस्थेला मंत्रालयाच्या दाराशी बसावं न लागता चार पैसे स्वतः खर्च करता यावेत.

जिथं समितीचा अध्यक्ष खरोखर येत राहिला, शॉपमध्ये फिरला, आपल्या कारखान्यातला जुना फोरमन आठवड्यातून एक दिवस पाठवू शकला, तिथं फरक पडला. अशा संस्था आहेत आणि तिथली पोरं चटकन उचलली जातात. पण अनेक ठिकाणी समितीच्या बैठका कागदावर झाल्या. पैसा मुदत ठेवीत गेला, कारण खर्च केला तर हिशेब द्यावा लागतो आणि कर्ज आहे म्हणजे कधीतरी फेडावं लागणार, ही धास्ती प्राचार्यांच्या डोक्यावर. कर्जाच्या पैशातून कच्चा माल घ्यायची हिंमत कोण करेल? यंत्र घेतलं तर ते पुढच्या तपासणीत दाखवता येतं. पट्टी घेतली, पोरांनी ती घासली, कापली, बिघडवली, की तपासणीला दाखवायला काय उरतं? लोखंडाचा चुरा. शिक्षणाचा खर्च खरं तर असाच व्हायला हवा, भंगारात जाणारा. पण हिशेबाच्या वहीत भंगाराला मालमत्तेचा मान नाही.

आता उद्योगांकडे येऊ. हा पैसा त्यांनी घालावा असं आज सगळेच म्हणतात, पण एके काळी ते न सांगता घालत होते, हे आपण विसरलो आहोत. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आजचं व्हीजेटीआय, उभं राहिलं तेव्हा दिनशा पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांचा त्यात हात होता. गिरण्यांना माणसं हवी होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. व्हीजेटीआयमध्येच शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नोकरी सोडली आणि पुढे १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तिथं तयार कारागीर मिळणारच नव्हते. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना हाताशी धरून शिकवावं लागलं. त्याला कुठली योजना नव्हती की अनुदान नव्हतं. नांगर काढायचा तर ओतकाम येणारा माणूस हवा, आणि तो नाही म्हणून तो घडवायचा.

पुण्याला टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीनं १९६६ मध्ये पाय रोवले ते तिचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्या दूरदृष्टीनं. तिथं ट्रक बनू लागण्याआधी कितीतरी वर्षं प्रशिक्षण विभाग सुरू होता, आणि सोबत कारखान्याला लागणारी यंत्रं व साचे स्वतः बनवणारा विभाग. आधी माणूस, मग यंत्र, मग गाडी. आजही पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणमध्ये एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या मालकाला विचारा, कुठे शिकलात? बऱ्याच जणांकडून उत्तर येतं, “आपण टेल्कोचे अॅप्रेंटिस.” हे सांगताना आवाज थोडा वर जातो. माझे वडील दुसऱ्या कारखान्यातले, पण त्यांचाही जात असे.

त्या काळी कंपनीला हे का परवडत होतं? कारण शिकलेला पोरगा तिथंच राहणार होता. तीन वर्षं त्याच्यावर खर्च केला तरी पुढची तीस-पस्तीस वर्षं तो फेडणार, हा व्यवहार दोन्ही बाजूंना मान्य होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. कायम नोकरी गेली तसा तोही गेला. कंत्राटी कामगार आले, आणि अकरा महिन्यांनी जाणाऱ्या माणसाला कुणी तीन महिने कानस धरायला शिकवत नाही.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तो लांबलचक आणि धाक घालणारा होता. उमेदवार घेतले नाहीत तर मालकाला तुरुंगवासाचीही तरतूद होती, म्हणून उद्योग त्यापासून लांब पळत. २०१४ मध्ये तो बदलला. तुरुंग गेला, दंड राहिला, आणि उमेदवार किती घ्यायचे हे एकूण मनुष्यबळाच्या टक्केवारीवर आलं, त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे. २०१९ च्या नियमांनी ही टक्केवारी अडीच ते पंधरा अशी ठेवली. तीस किंवा त्याहून अधिक माणसं असतील तर सक्ती, चार ते एकोणतीस असतील तर मर्जी. त्याआधी २०१६ मध्ये केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली होती. विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देणार. विद्यावेतन किमान ५,००० पासून ९,००० पर्यंत, पोराच्या शिक्षणाप्रमाणे. ते छत्तीस टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० करावं अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं मे २०२५ मध्ये केली.

हे आकडे कागदावर वाचले की बरे वाटतात. चाकणच्या चौकात जाऊन बघितले की त्यांचा अर्थ कळतो. तिथं खोल्या कॉट बेसिसवर मिळतात. एका खोलीत सहा कॉट, आणि शिफ्ट वेगवेगळ्या असतील तर एकाच कॉटवर दोघं, एक रात्री झोपणारा आणि एक दिवसा. कॉट, मेस, रिक्षा, मोबाईलचा रिचार्ज, झालं. घरी पाठवायला काही उरत नाही, उलट घरून मागवावं लागतं. बीड, लातूर, यवतमाळकडून आलेली पोरं यात टिकतात ती एका आशेवर, की वर्ष संपलं की कंपनी ठेवून घेईल. कायद्यानं तसं बंधन नाही. प्रत्येक मालकानं आपलं धोरण आपण ठरवायचं. शिवाय कायद्याच्या दृष्टीनं शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, राज्य विमा नाही. वर्ष संपतं, प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याच कॉटवर पुढच्या वर्षीचा पोरगा येतो.

मी भेटलेल्या एका उमेदवारानं सांगितलं की त्यानं वर्षभर एकाच स्टेशनवर चार बोल्ट आवळले. टॉर्क गन उचलायची, चार वेळा लावायची, हँगरला अडकवायची. आयटीआयमध्ये त्यानं नर-मादी फिटिंग केलं होतं, मिलीमीटरच्या शंभर भागांपैकी चार भागांच्याच फरकात. एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला जीभ, दोन्ही एकमेकांत सरकले पाहिजेत आणि उजेड दिसता कामा नये. ते करताना जेवढं शिकलो त्याचा दहावा हिस्साही इथं नाही, असं तो म्हणाला. मग ज्या पंधराशे रुपयांना आपण प्रशिक्षणाचं प्रोत्साहन म्हणतो, ते कशाचे पैसे आहेत? त्या ठिकाणी तरी मला ते स्वस्त मजुरीला दिलेलं सरकारी अनुदान दिसलं. सगळीकडे असं नाही. टूलरूममध्ये, मेंटेनन्समध्ये पाठवलेला पोरगा नशीबवान, तो खरंच शिकून बाहेर पडतो. पण कोण कुठे जाईल हे सुपरवायझरच्या मर्जीवर, आणि योजनेच्या पोर्टलवर दोघांचीही नोंद एकसारखीच.

शिकवण्याची खरी इच्छा मला सापडली ती लहान वर्कशॉपमध्ये. भोसरीत एका गाळ्यात बारा माणसं, चार लेथ, दोन मिलिंग, एक सीएनसी. मालक स्वतः यंत्रावर उभे. कायद्याची सक्ती त्यांना नाही, तरी दर वर्षी एक-दोन पोरं घेतात, कारण त्यांच्याकडे रोज वेगळं काम येतं आणि फक्त बटण दाबणारा माणूस त्यांच्या उपयोगाचा नाही. पहिले सहा महिने पोरगा माल बिघडवतो. रिजेक्शन मालकाच्या अंगावर. सातव्या-आठव्या महिन्यात हात बसू लागतो, आणि तेव्हाच शेजारची मोठी कंपनी हजार-दोन हजार जास्त देऊन त्याला घेऊन जाते. मालकांना पोराचा राग नव्हता. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, असं तेच मला समजावून सांगत होते.

एकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं न्यायचं, हा गुंता नवा नाही आणि आपल्याकडेच आहे असंही नाही. त्याचं उत्तर इतरांनी शोधलं आहे. ब्राझीलनं १९४२ मध्ये सेनाई नावाची संस्था काढली आणि कारखानदारांकडून पगारखर्चाचा एक टक्का सक्तीनं तिच्यासाठी घेतला. कारभार उद्योगांच्याच संघटनेकडे दिला. शिकवा किंवा शिकवू नका, एक टक्का द्यावाच लागणार, मग जे शिकवतात त्यांचा तोटा होत नाही. या सेनाईत लेथ चालवायला शिकलेला एक गरीब घरचा पोरगा पुढे कारखान्यात कामाला लागला, अपघातात करंगळी गमावून बसला, कामगारांचा पुढारी झाला आणि राष्ट्राध्यक्ष झाला. तेच लुला. फ्रान्समध्ये असा कर १९२५ पासून आहे. ब्रिटननं २०१७ मध्ये तीस लाख पौंडांवर पगारखर्च असलेल्या मालकांकडून अर्धा टक्का घ्यायला सुरुवात केली.

आपण टक्केवारी माणसांवर लावली, पैशावर लावली नाही. म्हणून मोठी कंपनी डोकी भरून मोकळी होते आणि शिकवणारा लहान मालक हात चोळत बसतो. आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. रोजगार व प्रशिक्षण महासंचालनालयाचे माजी महासंचालक शारदा प्रसाद यांच्या समितीनं २०१६ मध्ये उद्योगांकडून अंशदान घ्यावं आणि जे प्रशिक्षण देतील त्यांना ते परत करावं, असं सुचवलं होतं. ते झालं नाही. माझं मत स्पष्ट आहे. असा निधी झाला पाहिजे, आणि त्यातला पहिला पैसा भोसरीच्या त्या गाळ्यासारख्या ठिकाणी गेला पाहिजे, पोरगा टिकला म्हणून नव्हे, तर शिकून बाहेर पडला म्हणून.

त्याऐवजी मधल्या दहा वर्षांत पैसा गेला तो अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांकडे. पंतप्रधान कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला दर पोरामागे, दर तासाला पैसे. सुरुवातीचे दर असे होते: यंत्रांवर चालणाऱ्या, खर्चिक व्यवसायांना साडेअडतीस रुपये, मधल्यांना तेहेतीस, बाकीच्यांना साडेसत्तावीस. तीस टक्के सुरुवातीला, पन्नास टक्के प्रमाणपत्र झाल्यावर, आणि नोकरी लागल्यावर शेवटचे फक्त वीस टक्के. ज्या कामासाठी हे सगळं, त्याच्यावर सगळ्यात लहान हप्ता. मग गाळे भाड्यानं घेऊन केंद्रं निघाली, तीन महिन्यांत प्रमाणपत्रं छापली गेली. तीन महिन्यांत काही गोष्टी शिकता येतात हे मी मान्य करतो. शिवणकाम येणाऱ्या बाईला औद्योगिक मशीनवर बसवता येतं, वायरमनला सोलर पॅनल जोडायला शिकवता येतं, कारण त्यांच्या हाताला आधीचं काही ठाऊक असतं. कोऱ्या हाताचं तसं नाही.

राज्यानं २०२४ च्या जुलैत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००, सहा महिन्यांसाठी, सगळा खर्च राज्याचा. नंतर मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. हजारो तरुण शाळांत, ग्रामपंचायतींत, तहसील कार्यालयांत गेले. रिकाम्या टेबलांवर त्यांनी मनापासून काम केलं, आणि मुदत संपल्यावर त्यांनी ‘आम्हाला ठेवा’ म्हणून आंदोलनं केली. त्यांचं मला चुकीचं वाटत नाही. ज्याला आपण प्रशिक्षण म्हटलं ती त्यांच्या दृष्टीनं नोकरी होती, आणि कार्यालयाच्या दृष्टीनं भरती न केलेल्या जागेवरचा हात. इलेक्ट्रिशियन झालेल्या पोराला पंचायतीत दाखले टाइप करायला बसवलं तर त्याचं आयटीआयचं शिक्षणही त्या वर्षात गंजतं. केंद्राच्या इंटर्नशिप योजनेत पाचशे मोठ्या कंपन्या आणि महिना ५,००० रुपये होते. पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून अधिक जागा होत्या, प्रत्यक्ष रुजू झाले ते सुमारे ८,७००. चाकणच्या कॉटचा हिशेब ज्यानं केला आहे त्याला या आकड्याचं नवल वाटणार नाही.

पैशाचा आणखी एक रस्ता आहे, आणि तो महाराष्ट्रातच सापडतो. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं शिकतात ती गावाचं काम करून. वेल्डिंग शिकायचं तर कुणाचं तरी फाटक बनवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. कुक्कुटपालन शिकायचं तर कोंबड्या विकायच्या. शाळेतल्या मुलांनाही हेच आठवड्यातला एक दिवस. फाटक कुणीतरी वापरणार आहे म्हटल्यावर वेल्ड कसंतरी चालत नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंडो-जर्मन टूल रूममध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. उद्योगांच्या साच्यांच्या ऑर्डर घ्यायच्या, त्या पुऱ्या करताना पोरांना घडवायचं, आणि त्या कमाईचा आधार प्रशिक्षणाला द्यायचा. तालुक्याच्या आयटीआयनं पंचायत समितीची बाकं, शाळांची फाटकं, एस.टी. स्थानकातली दुरुस्ती का करू नये? उत्पादन करून पैसे कमवायची मुभा नियमात आहे, पण त्या पैशातून उद्या सकाळी दहा किलो पट्टी आणायची तर त्यासाठीच्या सह्या संपत नाहीत.

आता नवा मोठा पैसा येऊ घातला आहे. पीएम-सेतू नावाची योजना, एकूण ६०,००० कोटींची. केंद्र ३०,०००, राज्यं २०,०००, उद्योग १०,०००. देशातल्या १,००० शासकीय आयटीआय, त्यातल्या २०० मुख्य आणि ८०० त्यांना जोडलेल्या, आणि कारभारात उद्योगांचा पुढाकार. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ती मंजूर केली, ऑक्टोबरमध्ये तिचा प्रारंभ झाला. आजवर व्यवसाय शिक्षणासाठी एवढी रक्कम एका योजनेत आलेली नव्हती. मला तिच्याकडून फार आशा आहे, म्हणूनच दोन गोष्टी आताच मोठ्यानं मागायला हव्यात. पहिली, निदेशकांच्या कायम जागा आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांना महिनाभर कारखान्यात पाठवण्याचा खर्च, पगारासकट. दुसरी, दर प्रशिक्षणार्थ्यामागे कच्च्या मालाची ठरलेली रक्कम, जून संपायच्या आत संस्थेच्या खात्यात, प्राचार्यांच्या एका सहीनं खर्च करता येणारी. या दोन गोष्टींच्या मागून इमारती आणि यंत्रं आपोआप येतील. याआधी उलट करून पाहिलं आहे.

सप्टेंबरच्या शेवटी मी त्या शॉपमध्ये पुन्हा गेलो. आवाज बदलला होता. सुरुवातीला वीस कानशी वीस तऱ्हेनं ओरडत होत्या, आता एक लय होती, पावसाच्या सरीसारखी. खिडकीजवळची ती मुलगी आता झोका घेत नव्हती. पाय बरोबर पडले होते, कोपर अंगाशी. तिनं तुकडा सोडवला, ब्रशनं साफ केला, गुण्या ठेवला आणि उजेडाकडे धरला. मग तो माझ्या हातात दिला. पात्याखाली कुठेही रेघ नव्हती. चारही बाजूंनी फिरवून पाहिलं, काटकोनातही नव्हती. व्हर्नियर लावून सरांनी माप घेतलं, मान हलवली, आणि पंचनं तुकड्याच्या कोपऱ्यावर तिचा हजेरी क्रमांक ठोकला.

तो तुकडा घरी न्यायची तिला इच्छा होती. आईला दाखवायचा होता. सरांनी वहीत गुण लिहिले, तुकडा हातात तोलून पाहिला आणि कपाटातल्या जुन्या तुकड्यांच्या ढिगात ठेवला. अजून दोन मिलीमीटर निघतील त्यातून, ते म्हणाले, पुढच्या बॅचला.